आपली पातळी राखणारी मोटार



प्रवासांतील धक्का कमी करण्याची खटपट मनुष्य फार पूर्वीपासून करीत आला आहे. बैलगाडींत रस्त्याचा प्रत्येक दगड पाठीला कळतो. टांग्याला पोलादी पाटे बसले तेव्हां बसणाराला थोडा विसावा मिळाला. मोटारीनें तेच पाटे उचलले आणि त्यांच्या जोडीला वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आणल्या. परंतु पोलादी स्प्रिंगेंत एक अडचण जन्मजातच आहे. एकट्या चालकाला सुखकर वाटावी इतकी ती मऊ केली, तर मागें चार माणसें व सामान घेतांच मोटारीचें बूड रस्त्याला लागूं पाहतें. आणि भाराचा विचार करून ती कठीण केली, तर रिकामी मोटार हाडें खिळखिळीं करते. या दोहोंतून वाट काढणाऱ्या एका फ्रेंच युक्तीचा इतिहास, आणि ती बिघडली असतां दोष कसा शोधावा, हे दोन विषय आज मीं मुद्दाम एकत्र घेतले आहेत. कारण या युक्तीचा इतिहास बव्हंशीं तिच्या बिघाडांनींच घडविला आहे.

सन १९२५ मध्यें पोल माजेस नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा सित्रोएन कंपनींत नोकरीस लागला. अभियांत्रिकीचें उच्च शिक्षण त्याला लाभलेलें नव्हतें. पुढें १९४२ मध्यें कंपनीचे प्रमुख प्येर बुलांझे यांनीं त्याला संशोधनाच्या विभागांत घेतलें, आणि तेथें माजेस यांनीं पोलादाला रजा देऊन वायूला स्प्रिंगेचें काम सांगितलें.

त्यांची कल्पना ऐकावयास सोपी आहे. कोंडलेला वायु दाबला म्हणजे स्प्रिंगेप्रमाणें वागतो, आणि जों जों दाबावा तों तों अधिक ताठर होतो. द्रव मात्र दाबानें फारसा आकसत नाहीं. म्हणून एका जागीं दिलेला दाब तो दुसऱ्या जागीं इमानानें पोंचवितो. माजेस यांनीं प्रत्येक चाकासाठीं एक पोलादी गोल योजिला. त्याच्या मधोमध रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूस नत्रवायु, दुसऱ्या बाजूस द्रव. चाक वर उचललें कीं दट्ट्या द्रवाला रेटतो आणि द्रव वायूला दाबतो. इंजिनावर चालणारा पंप हा द्रव सुमारे १७० वातावरणांच्या दाबापर्यंत नेऊन एका निराळ्या गोलांत सांठवून ठेवतो.

आतां पातळी कशी राखली जाते तें पाहूं. पुढील व मागील आंसांपाशीं उंची राखणारी एक एक झडप असते व ती एका बारीक दांडीनें चाकांच्या जोडणीशीं बांधलेली असते. मागें माणसें बसलीं, गाडी खालीं गेली, कीं दांडी झडप उघडते. सांठ्यांतील द्रव आंत येतो व गाडी पूर्वपदावर येते. माणसें उतरलीं कीं तीच झडप जादा द्रव टाकीकडे परत सोडते. येथें सर्वांत मोठी चतुराई मंदपणाची आहे. झडपेची हालचाल मुद्दाम संथ ठेवलेली असते. ती प्रत्येक खड्ड्याला उत्तर देऊं लागली असती, तर गाडी दिवसभर उठाबशा काढीत राहिली असती.

१९५४ मध्यें कंपनीनें आपल्या एका जुन्या सहा-सिलिंडरी मोटारीच्या केवळ मागच्या चाकांना ही योजना लावून पाहिली. मग १९५५ च्या ऑक्टोबरांत पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनांत 'डी. एस. १९' अवतरली. या दोन अक्षरांचा फ्रेंच उच्चार 'देवी' या अर्थाच्या शब्दासारखा होतो, आणि पहिल्याच दिवशीं सुमारे १२,००० भक्तांनीं मागणी नोंदवून तो अर्थ खरा केला. चारही चाकांची पातळी, ब्रेक, सुकाणूचें साहाय्य, क्लच आणि गिअर बदलणें हीं सारीं कामें या देवीनें एकाच दाबाच्या द्रवाकडे सोंपविलीं होतीं.

परंतु पूजा मांडली आणि पुजारी तयार नव्हते! प्रदर्शनापूर्वी ही मोटार इतकी गुप्त राखली होती कीं, गांवोगांवच्या विक्रेत्यांकडील कारागिरांना तिच्या अंतरंगाचें शिक्षण मिळालेलें नव्हतें. पहिल्या मोटारी गिऱ्हाइकांच्या हातीं पडल्या, नळ्यांच्या जोडांतून द्रव झिरपूं लागला. आणि एकाच द्रवावर सर्व कामें अवलंबून असल्यामुळें एक गळती म्हणजे सर्वच अंगांना पक्षाघात, अशी अवस्था झाली. जन्मभर स्प्रिंगा व तारा ओळखणारा कारागीर या नळ्यांच्या जाळ्यापुढें हतबुद्ध होऊन उभा राहिला. लोकांनीं दोष यंत्राला दिला. माझ्या मतें दोषाचा मोठा वांटा त्या गुप्ततेचा होता. जें यंत्र दुरुस्त करणाराला समजावून दिलें नाहीं, तें विकण्याजोगें झालें असें म्हणतां येत नाहीं.

दुसरा दोष खुद्द द्रवांत होता. आरंभींचा द्रव वनस्पतिजन्य होता व त्यामागून कृत्रिम तांबडा द्रव आला. परंतु हवेंतील ओलावा शोषून घेण्याची खोड दोघांनाही होती. या यंत्रणेंतील झडपा मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतक्या नेमक्या घांसलेल्या असतात. तेथें ओलावा शिरला कीं गंज, आणि गंज आला कीं झडप अडकलीच. अखेरीस १९६६ मध्यें कंपनीनें हिरवें खनिज तेल आणलें. तें ओलावा शोषीत नाहीं. त्यासाठीं रबराच्या सर्व वळ्याही निराळ्या जातीच्या कराव्या लागल्या, आणि कारागिराची चूक होऊं नये म्हणून यंत्रणेचे भाग हिरव्या रंगानें रंगविण्यांत आले. गुप्ततेच्या अगदीं उलट असें हें धोरण होय.

ज्यांच्या घरीं अशी जुनी मोटार जतन केलेली आहे, त्यांनीं दोष शोधतांना याच इतिहासाचा क्रम धरावा. प्रथम द्रव पाहावा. गाडी सर्वांत उंच अवस्थेंत ठेवून टाकींतील पातळी मोजावी व रंग तपासावा. तांबड्या द्रवाच्या गाडींत हिरवें तेल, किंवा हिरव्याच्या गाडींत तांबडा द्रव पडला, तर रबर फुगून वा विरून सर्व जोड निकामी होतात. दुसरें, कान द्यावा. इंजिन संथ चालत असतां दाब राखणारी झडप मधून मधून 'टक्' असा आवाज करते. हा आवाज काहीं सेकंदांच्या अंतरानें वारंवार होऊं लागला, तर सांठवणीच्या गोलांतील वायु निघून गेला आहे, अथवा आंत कोठें तरी द्रव निसटत आहे, असें समजावें. तिसरें, इंजिन चालूं असतां गाडीचा कोपरा हातानें दाबावा. तो मऊपणें खालीं जाऊन वर यावा. दगडासारखा ताठ लागला, तर त्या चाकाच्या गोलांतील नत्रवायु संपला आहे. रबरी पडद्यांतून वायु वर्षानुवर्षें थोडा थोडा झिरपतच असतो. त्यांत कोणाचा अपराध नाहीं. आणि धक्के मऊ असूनही गाडी एकीकडे उंच वा सखल राहत असेल, तर उंचीच्या झडपेची दांडी गंजली, वांकली किंवा चिखलानें अडकली आहे काय तें पाहावें.

रात्रभर उभी असलेली 'देवी' सकाळीं खालीं बसलेली आढळते, तो आजार नव्हे. इंजिन सुरू होतांच ती प्रथम मागून, मग पुढून उठते. परंतु एक इशारा अवश्य लक्षांत ठेवावा: केवळ द्रवाच्या जोरावर उचललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये. आधीं भक्कम आधार द्यावा, आणि नळी सोडण्यापूर्वी दाब उतरवून घ्यावा. हा दाब रागावला म्हणजे कोणाची भीड ठेवीत नाहीं.

या युक्तीची कीर्ति पुढें समुद्रापलीकडे गेली. १९६५ मध्यें रोल्स-रॉईस कंपनीनें आपल्या 'सिल्व्हर शॅडो' मोटारीसाठीं सित्रोएनचा परवाना घेतला. मात्र भार वेटोळ्यांच्या स्प्रिंगांवरच ठेवून पातळी सांवरण्यापुरतेंच काम द्रवाला दिलें. १९६९ च्या सुमारास पुढच्या चाकांवरील पातळी-यंत्रही काढून टाकण्यांत आलें, कारण खरी गरज मागेंच होती. इंग्रजांचें हें सावध अनुकरण होय. फ्रेंचांनीं मात्र सर्वस्व पणाला लावलें होतें. 'डी. एस.' जातीच्या सुमारे साडेचौदा लाख मोटारी १९७५ पर्यंत निघाल्या, आणि माजेस यांच्या तत्त्वावरील सित्रोएनची शेवटची मोटार २०१७ मध्यें बंद झाली.

तेव्हां नवा गोल, नवी झडप सुलभपणें मिळण्याचे दिवस सरत चालले आहेत. लोखंड गंजतें तसें ज्ञानही गंजतें, आणि तें हातांतून हातांत गेलें नाहीं तर अधिकच लौकर गंजतें. ज्या कारागिरांना हा 'टक्' आवाज वाचतां येतो, त्यांच्याशेजारीं एखादा शिकाऊ मुलगा उभा करणें, ही आज अशा मोटारीच्या मालकाची पहिली दुरुस्ति ठरेल. पदवीवांचून एका मुलानें जें शोधिलें, तें पुढील मुलांपासून लपवून ठेवण्याचें आपणांस कांहीं कारण नाहीं.