काचेवरून पडद्यावर : ऊतिपरीक्षेचा प्रवास

शरीरातून काढलेला तुकडा तपासून रोगनिदान करण्याच्या शास्त्राचा इतिहास बहुधा सूक्ष्मदर्शकाच्या अंगाने सांगितला जातो. काचपट्टीवर शिकलेल्या पिढीतला असल्याने मला मात्र तो हातांचा इतिहास वाटतो.

रोगाचे मूळ पेशीत असते, हे रुडॉल्फ फिर्खो यांनी 1858 मध्ये बर्लिनमध्ये मांडले. पेशी नीट दिसावी यासाठीची कृती पुढे हळूहळू जमत गेली. फॉर्मालिनने ऊती टिकतात, हे फर्डिनांड ब्लुम यांनी 1893 मध्ये दाखवले. मेणाच्या ठोकळ्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काढायचा, कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर अलगद उचलायचा आणि रंगवायचा. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक निळेजांभळे होते, इओसिनने भोवताल गुलाबी. मुंबईत 1941 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतीयांच्या कर्करोगांचा जो अभ्यास केला, त्याचा पाया अशाच काचपट्ट्यांचा होता.

दूरवरून काचपट्टी पाहण्याला 'टेलिपॅथॉलॉजी' हे नाव रोनाल्ड वाइनस्टाइन यांनी 1986 मध्ये दिले. संपूर्ण काचपट्टीची प्रतिमा घेणारी यंत्रे 1990च्या दशकाअखेरीस आली. तरी प्राथमिक निदानासाठी अशा प्रणालीला अमेरिकेच्या एफडीएने पहिली परवानगी दिली ती 2017 मध्ये, सुमारे 2,000 रुग्णांच्या नमुन्यांवर तुलना झाल्यावर. एवढा उशीर का? एक कारण साध्या गणितात आहे. पाव मायक्रॉनला एक पिक्सेल धरला, तर 15 मिलिमीटर लांबीरुंदीच्या कापाला 360 कोटी पिक्सेल लागतात. दुसरे कारण खर्चाचे. क्ष-किरण डिजिटल झाले आणि फिल्मचा खर्च वाचला. इथे काचपट्टी आधी करावीच लागते, स्कॅनिंग हा वरचा खर्च.

मग लाभ कोणाचा? माझ्या मते, दुसरे मत घेण्यासाठी ठोकळे आणि काचपट्ट्या पिशवीत घालून जिल्ह्याच्या गावाहून मुंबई गाठणाऱ्या नातेवाइकांचा. प्रतिमा पाठवता आली, तर निदान पहिल्या मतासाठीची ती खेप वाचते. विशेष चाचण्यांना ठोकळा लागतोच. मात्र कापाला घडी पडली असेल, तर ती पडद्यावरही दिसणार. म्हणून स्कॅनरच्या खरेदीबरोबर काप काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणासाठीही तरतूद हवी, असे मी म्हणतो.