डोळ्यांदेखत मावळलेलीं नित्याचीं दृश्यें
(लातूर व नांदेडकडील कांहीं आठवणी)

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेंत मंदिराची कोनशिला कधीं बसली, घंटा कोठून आली, शाळेचा पहिला वर्ग कोठें भरला, ही हकीकत असावयाचीच. ती या पुस्तकांत इतरत्र आलेली आहे. आम्हीं मात्र येथें निराळाच इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. ज्या गोष्टी आपल्या वाडवडिलांच्या दृष्टीस रोज पडत, इतक्या रोज कीं त्यांची नोंद करावी असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं, त्यांचा हा इतिहास आहे. राजाच्या राज्यारोहणाची तिथि शिलालेखांत सांपडते. गिरणीच्या भोंग्यावर कोणत्या घरची चूल पेटत असे, हें कोणत्याहि शिलालेखांत सांपडत नाहीं. जें सर्वांस ठाऊक असतें तें कोणी लिहीत नाहीं, आणि ज्यांस ठाऊक असतें तीं माणसें एकामागून एक गेलीं म्हणजे तें कोणासच ठाऊक राहत नाहीं.

आमचा हा मुलूख जुना आहे. राष्ट्रकूट राजे आपणांस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत; तें लत्तलूर म्हणजेच आपलें लातूर, असें विद्वान् सांगतात. नांदेड तर गोदावरीच्या कांठचें प्राचीन क्षेत्र. पुढें हा सर्व प्रदेश निजामाच्या अंमलाखालीं राहिला, १९४८ सालीं तो भारतांत सामील झाला, १९५६ सालीं मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ सालीं. इतका इतिहास शाळेच्या पुस्तकांतहि आहे. आतां त्या पुस्तकाबाहेरचें पाहूं.

लातूरच्या जुन्या माणसांस प्रथम काय आठवतें असें विचारलें, तर दहांतील सात जण ‘छोटी गाडी’ असेंच उत्तर देतील. ती बार्शी लाइट रेल्वे होय. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनिअरनें ही अडीच फूट रुंदीची लोहमार्गाची योजना आंखली. १८९७ सालीं कुर्डूवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली; १९०६ सालीं ती पंढरपुरास पोहोंचली, १९११ सालीं लातुरास आली, आणि १९२७ सालीं दुसरें टोंक मिरजेपर्यंत गेलें. लातूर ते मिरज हें अंतर सुमारें २०२ मैलांचें झालें. चाकांच्या एका जोडीवर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, म्हणजे हलक्या रुळांवरहि पुष्कळ माल नेतां येईल, हें या योजनेंतील मुख्य कौशल्य होतें. १९५४ च्या आरंभीं सरकारनें ही रेल्वे विकत घेतली.

परंतु हे आंकडे झाले. गाडी निराळीच होती. आम्हीं लहानपणीं ती पाहिली आहे. चढ लागला म्हणजे ती इतकी रेंगाळे कीं, पोरें खालीं उतरून चार पावलें चालत आणि पुन्हा चढत. आषाढी-कार्तिकीस तिच्या डब्यांत टाळकरी इतके दाटीनें बसत कीं, डबा भजनानें चालतो कीं वाफेनें, असा प्रश्न पडावा. कुर्डूवाडीस रुळांची रुंदी बदले. म्हणून लातूरची डाळ, तेलबिया, कापूस हें सर्व एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावें लागे. त्या एका कामावर कित्येक हमालांचीं घरें चालत. गाडी थांबली ती २००७-०८ च्या सुमारास. रुंद रुळ आले, लातुराहून थेट मुंबईस जातां येऊं लागलें, हें फार बरें झालें. तथापि त्या हमालांचें पुढें काय झालें, याची नोंद कोणत्याहि अहवालांत आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं.

त्या गाडीनें प्रवास करणाऱ्यास आणखी एक दृश्य नित्याचें होतें. बार्शी इंग्रजी मुलखांत आणि लातूर निजामाच्या राज्यांत. मध्यें करोडगिरीचें नाकें. नाक्यावर गांठोडें सोडून दाखवावें लागे. खिशांत नाणींहि दोन प्रकारचीं ठेवावीं लागत: एक ‘कलदार’ व दुसरें ‘हाली शिक्का’. सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये, असा साधारण भाव असे. पोरसवदा वाण्याच्या मुलालाहि हा हिशेब तोंडपाठ असे. दप्तराची भाषा उर्दू. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलानें वरच्या इयत्तेंत भूगोल व गणित उर्दूंतून शिकावयाचें, हा नियमच होता. आजहि आमच्याकडील म्हातारीं माणसें ‘अर्जी’, ‘मुद्दत’, ‘दस्तऐवज’ हे शब्द जितक्या सहज उच्चारतात तितक्या सहज पुण्याकडील माणूस उच्चारणार नाहीं. राज्य गेलें, नाणें गेलें, शब्द राहिले.

लातूरची दुसरी खूण म्हणजे गंजगोलाई. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनीं आंखलेल्या या गोल बाजारपेठेची दुमजली इमारत १९१७ सालची. मध्यभागीं अंबाबाईचें देऊळ, आणि त्याभोंवतालच्या वर्तुळास येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोनें, दुसऱ्यावर पादत्राणें, तिसऱ्यावर मिरच्या, चौथ्यावर गूळ. ज्याला अक्षर येत नसे तो खेडूत केवळ नाकानें रस्ता ओळखी. मिरचीची ठसक लागली कीं उजवीकडे वळावयाचें, गुळाचा वास आला कीं सरळ जावयाचें. एका मुसलमान रचनाकारानें आंखावें, मध्यें देवीचें देऊळ असावें, आणि मराठा, लिंगायत, मारवाडी, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वांनीं तेथें येऊन मीठ-मिरची न्यावी, ही गोष्ट त्या काळीं कोणास नवल वाटण्यासारखी नव्हती. नवल वाटूं लागलें तें अलीकडे.

नांदेडचें दृश्य निराळें. तेथें सर्व गांव नदीकडे तोंड करून बसलेलें. घाटावर पहाटे धुण्याचा आवाज, पलीकडे नंदगिरी किल्ल्याची भिंत, आणि नदीपासून थोड्या अंतरावर सचखंड गुरुद्वाराचा सोनेरी घुमट. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं येथेंच देह ठेविला. महाराजा रणजितसिंग यांनीं १८३२ ते १८३७ च्या दरम्यान सध्यांची वास्तु उभारिली. त्यामुळें मराठी मुलखाच्या मध्यांत पंजाबी बोलणारीं घरें पिढ्यान् पिढ्या नांदत आलीं. त्यांतील वृद्ध शीख गृहस्थ मराठींत अस्सल नांदेडी हेल काढून बोलतात, हें परगांवच्या पाहुण्यास मोठें कौतुकाचें वाटतें. नांदेडकरास त्यांत कांहींच विशेष वाटत नाहीं. २००८ सालीं तीनशें वर्षांच्या सोहळ्यानिमित्त रस्ते रुंद झाले, गुरुद्वाराभोंवतालच्या जुन्या गल्ल्या गेल्या. शहर ऐसपैस झालें खरें, पण टांग्याच्या घोड्यास पाणी पाजण्याच्या जागा कोठें होत्या, हें आतां दाखवून द्यावयासहि कोणी उरलें नाहीं.

नांदेडकराचें घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत येथें उस्मानशाही मिल उभी राहिली. सभोंवतालचा प्रदेश कापसाचा. पुढें येथील कापूस संशोधन केंद्रांतच ‘एन.एच.एच. ४४’ हा संकरित वाण निपजला व देशभर पेरला गेला. १९७४ सालीं देशांतील आजारी गिरण्यांबरोबर ही गिरणीहि सरकारच्या हातीं गेली, आणि पुढें बंद पडली. भोंगा वाजला कीं पहिल्या पाळीच्या बायका डबे भरीत, दुसऱ्या भोंग्यास पोरें शाळेस निघत. भोंगा थांबल्यावर कित्येक दिवस म्हाताऱ्या कामगारांस त्याच वेळीं आपोआप जाग येई, असें आम्हांस त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळालें आहे. शेतमजुराच्या मुलास महिन्याच्या महिन्यास बांधीव पगार प्रथम त्या गिरणीनें दाखविला, हें तिचें ऋण लहान नव्हे.

आणि आमच्याकडील वेळअमावास्या कोण विसरेल? मार्गशीर्षाच्या अमावास्येस लातूर व धाराशिवकडील सर्व माणसें शेतांत जातात. गांवें ओस पडतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारावयाची, मातीच्या मडक्यांतून अंबिल न्यावयाचें, अनेक पालेभाज्या व शेंगादाणे एकत्र शिजविलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाहीं त्याला शेतवाला आग्रहानें बोलावतो. वाटसरूसहि रिकाम्या पोटीं जाऊं देत नाहींत. नित्याच्या दृश्यांपैकीं हें एक अद्यापि जिवंत आहे, हें आपलें भाग्य.

येथवर सर्व गोड झालें. परंतु आठवणीस एक खोड असते. ती कडू तेवढें गाळून टाकते. इतिहास लिहिणाऱ्यानें तिचें ऐकूं नये. गांवच्या ज्या आडावरचें थंडगार पाणी आपण मोठ्या प्रेमानें आठवतों, त्या आडाच्या कांठास आपल्यांतील कित्येक कुटुंबांच्या आजे-पणजांस हात लावण्याचीहि मुभा नव्हती. वरून कोणी ओतील तें ओंजळींत घ्यावयाचें, हेंहि त्या काळचें नित्याचेंच दृश्य होतें. १९४८ सालच्या आठवणींतहि असेंच आहे. रझाकारांचा जुलूम आपल्या घरोघरीं सांगितला जातो, व तो खरा आहे. परंतु सप्टेंबरांतील पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांवर जो सूड उगवला गेला, तो सांगितला जात नाहीं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें सर्वाधिक झळ पोहोंचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांचीं नांवें दिलीं, आणि तो अहवाल दीर्घकाळ अप्रसिद्ध राहिला. ज्या गल्लींत आपण गोट्या खेळलों त्या गल्लींत कोणाचें घर रिकामें होतें व कां रिकामें होतें, हें विचारल्यावांचून त्या गल्लीची आठवण पुरी होत नाहीं.

घराचेंहि तसेंच. माळवदाचें घर म्हणजे आमच्या बालपणाचा स्वर्ग. हात-दोन हात जाड दगडी भिंती, वर लाकडी सरे व त्यांवर मातीचा जाड थर. बाहेर वैशाख पेटला असतां आंत पाण्याच्या माठासारखा गारवा. उन्हाळ्यांत त्याच माळवदावर निजावें आणि चांदण्या मोजाव्या. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूमि हालली, तेव्हां त्याच भिंतींतील चिखलांत बसविलेले दगड सुटले, आणि तीच वरची माती निजलेल्या माणसांवर आली. रात्रीं गणपतीचें विसर्जन करून लोक नुकतेच अंथरुणास पाठ टेंकते झाले होते. आठ-दहा हजार माणसें गेलीं. पन्नासांवर गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. नव्या गांवांत रस्ते रुंद, घरें सुटीं व भक्कम. तरीहि तेथील वृद्ध म्हणतात, “घर मिळालें, पण शेजार गेला.” आम्हांस हीं दोन्ही वाक्यें जपून ठेवावींशीं वाटतात: माळवद गार होतें, आणि माळवदानें माणसें मारलीं. दोहोंपैकीं एकच सांगणारा खोटें बोलतो असें नव्हे. तो अर्धें बोलतो.

शेवटीं एक असें दृश्य सांगतों, जें नित्याचें नव्हतें, परंतु ज्यानें सर्व नित्याचीं दृश्यें एका सूत्रांत ओंवलीं. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें. लातुरांत पाण्याच्या टांक्यांभोंवतीं जमावबंदी पुकारावी लागली. तेव्हां मिरजेहून कृष्णेचें पाणी रेल्वेनें आणण्यांत आलें. १२ एप्रिल रोजीं पहिल्या गाडीनें दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आणिलें. मिरज, पंढरपूर, कुर्डूवाडी, लातूर असा त्या गाडीचा मार्ग होता. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, हीं दोन टोंकें तीं त्या जुन्या छोट्या गाडीचींच टोंकें होत. लातूरची डाळ बाहेर नेण्यासाठीं व वारकऱ्यांस पंढरीस पोहोंचविण्यासाठीं शंभर वर्षांपूर्वीं जी दिशा आंखली गेली, तिनेंच तहानलेल्या शहरास पाणी आणून दिलें. आणि घागरी घेऊन जी रांग उभी राहिली, तींत कोणाचा हात कोणत्या घागरीस लागला, हें कोणी विचारलें नाहीं. ज्यांच्या आज्यास आडाचा कांठ शिवतां येत नसे, त्यांची नातवंडेंहि त्याच रांगेंत उभीं होतीं. तहानेनें जें शिकविलें तें पाऊस पडल्यावर विसरलें जाऊं नये, एवढीच आमची इच्छा.

म्हणून या पुस्तिकेच्या वाचकांस आमची एक विनंति आहे. प्रत्येक घरानें यंदा एक वही घ्यावी. घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावें आणि विचारावें: पाणी कोठून आणीत होतां? कोण भरूं देई, कोण देत नसे? पहिला पगार किती, तो कोणी दिला? भूकंपाच्या रात्रीं कोण कोठें निजलें होतें? शेजारी कोण राहत, व ते कोठें गेले? जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत, गोड असो कीं कडू, उतरून घ्यावें. नांव, गांव व साल लिहावें. पुस्तक आमच्याकडे आणून दिलें तर त्याची प्रत मंदिराच्या दप्तरांत, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांशेजारीं, जपून ठेवण्याची व्यवस्था करूं. त्या नोंदवहींत मनुष्य कधीं जन्मला व कधीं निवर्तला हें असतें. मधल्या वर्षांत त्यानें काय पाहिलें, हें या वहींत येईल.