दुष्काळाचं निमित्त

आमच्या करमाळा तालुक्यातून पिंपरीकडं गेलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, घर का सोडलं? उत्तर ठरलेलं, "बहात्तरचा दुष्काळ." मीही पन्नास वर्षं हेच सांगत आलो. ते अर्धंच खरं.

१९७२ला पावसानं पाठ फिरवली, विहिरी आटल्या. पण सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. आई, आण्णा आणि मी, तिघंही खडी फोडायला जायचो. सुकडी मिळायची, मिलोच्या तांबड्या भाकरीवर दिवस निघायचा. उपाशी मरायची पाळी नव्हती. पण मजुरी आण्णांच्या हातात जायची, अन् एकोणीस वर्षांच्या मला चहालासुद्धा हात पसरावा लागायचा. तशात गावचा एक जण पिंपरीहून सुट्टीला आला. अंगात पँट-बुशशर्ट, मनगटावर घड्याळ. तिथंच माझं मन उडालं.

आण्णा जेऊर स्टेशनापर्यंत आले. म्हणाले, "दुष्काळ सरला की ये." मी मान हलवली.

पिंपरीत १९५४ सालीच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला होता. १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, अन् आसपासच्या शेतांवर प्लॉट पडले. आकुर्डीत बजाज आली, पिंपरीत टेल्को आली. त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉपं निघाली. आमच्यासारख्या बिनहुन्नरी पोरांना दार उघडं होतं ते तिथं. मी भोसरीत हेल्पर म्हणून लागलो.

एका खोलीत आठ जण. रात्रपाळीवाला यायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याचं अंथरूण गरमच असायचं. पहिला पगार तीनदा मोजला. निम्म्याची मनीऑर्डर केली. उरलेल्यातून मिसळ खाल्ली, सिनेमा पाहिला. कुठं होतास, असं विचारणारं कुणी नव्हतं.

घरमालकांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांचं बाजरीचं रान कारखान्यात गेलेलं. एकदा म्हणाले, "लेका, तू जमीन सोडून आलास. आम्ही घरातच बसलो, अन् जमीनच आम्हाला सोडून गेली." मला तेव्हा बोलायला काही सुचलं नाही.

१९७३ला पाऊस झाला. आण्णांचं पत्र आलं, "वापसा आलाय. कधी येतोस?" मी कळवलं, सुट्टी मिळत नाही. सुट्टी मी मागितलीच नव्हती.

दिवाळीला गेलो. पारावर कुणीतरी विचारलं, "आता दुष्काळ सरला, पोरगं का येईना?" माझ्याआधी आण्णाच बोलले, "गेल्या साली दुष्काळानं हातची नोकरी दिली, ती कशी सोडंल?" माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. गावापुढं त्यांनी माझी बाजू सावरली, अन् तेच उत्तर मी जन्मभर वापरलं.

दुष्काळाच्या इतिहासात आटलेल्या विहिरी सापडतात, छावण्या सापडतात. पोरांची ही ओढ कुठं लिहिलेली नाही. आण्णा आता नाहीत, म्हणून निदान इथं तरी खरं सांगून टाकतो.