इंग्रजीतले शुद्धाशुद्ध उच्चार

इंग्रजी शब्दाचा अमुक एकच उच्चार बरोबर आणि बाकीचे अशुद्ध, ही समजूत फार जुनी नाही. तिला इंग्लंडमध्ये बळ आले ते १८व्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी प्रांताप्रांतांतले फरक लोकांच्या कानांना जाणवत होते आणि त्यांची थट्टाही होत होती. १४व्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका कथेत केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांच्या तोंडी उत्तरेची बोली घातली, ती लंडनच्या वाचकाला गंमत वाटावी म्हणूनच. मुद्रक विल्यम कॅक्स्टनने १४९० साली एक हकिगत लिहून ठेवली आहे. टेम्स नदीवर अडकून पडलेला एक व्यापारी एका बाईकडे अंडी मागतो. तो उत्तरेचा ‘एग्ज’ हा शब्द वापरतो, तिला दक्षिणेचा ‘एरेन’ तेवढा ठाऊक असतो, आणि आपल्याला फ्रेंच येत नाही असे ती त्याला सांगते. पण या माणसांपैकी कोणी दुसऱ्याचा उच्चार सुधारायला निघाले नव्हते. जॉर्ज पटनमने १५८९ साली कवींना सल्ला दिला की दरबाराची, लंडनची आणि लंडनभोवतीच्या साठेक मैलांतली भाषा वापरावी. पुढच्या मानदंडाचे बीज या सल्ल्यात दिसते, पण तो कवींपुरता होता. सरदार आणि जमीनदार आपापल्या गावच्या बोलीत बोलत राहिले.

मधल्या काळात भाषेत दोन उलथापालथी झाल्या होत्या, आणि इंग्रजी शिकणाऱ्याला आजही जो त्रास होतो त्याचे मूळ त्यांच्यात आहे. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाईमुळे शब्दांची वर्णरचना हळूहळू गोठत गेली. पण साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत दीर्घ स्वर आपल्या जागा सोडून सरकत होते. ‘हूस’चे ‘हाउस’ झाले, ‘बीट’सारखा उच्चारला जाणारा शब्द ‘बाइट’ झाला, ‘नाम’च्या जवळचा उच्चार सरकत सरकत ‘नेम’वर येऊन थांबला. कागदावरची अक्षरे मात्र जुन्याच उच्चाराची राहिली. योद्धा या अर्थाच्या ‘नाइट’ या शब्दाच्या आरंभीचा ‘क’ पूर्वी उच्चारला जात असे. तो तोंडातून गेला आणि लिखाणात उरला.

दुसरी उलथापालथ पंडितांनी केली. लॅटिनच्या अभिमानापोटी त्यांनी फ्रेंचमधून आलेल्या शब्दांत लॅटिन मुळातली अक्षरे घुसवली. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये ‘बी’ आला तो असाच, आणि तो उच्चारात कधी रुजला नाही. ‘फॉल्ट’मधला ‘एल’ आणि ‘पर्फेक्ट’मधला ‘सी’ हेही नंतर घातलेले, पण लोक ते छापलेले पाहून उच्चारू लागले. म्हणजे एका शब्दात घुसवलेले अक्षर उच्चारणे ही चूक ठरली आणि दुसऱ्या शब्दात ते न उच्चारणे ही चूक ठरली. यामागे कोणताही ध्वनिनियम नाही, केवळ रूढी आहे.

सॅम्युएल जॉन्सनचा मोठा कोश १७५५ साली निघाला. त्यात शब्दांवरचा आघात दाखवला आहे, पूर्ण उच्चार नाही. त्याची कारणमीमांसा जॉन्सनने पुढे आपला चरित्रकार बॉस्वेल याच्याजवळ केली. कोशाचा आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा लॉर्ड चेस्टरफील्डने त्याला बजावले होते की ‘ग्रेट’चे यमक ‘स्टेट’शी जुळले पाहिजे. सर विल्यम याँगने कळवले की ते ‘सीट’शी जुळले पाहिजे, ‘ग्रेट’ असे म्हणेल तो आयरिशच. एक जण उमरावांच्या सभागृहातला सर्वोत्तम वक्ता, दुसरा सामान्यांच्या सभागृहातला. या दोघांचेच जुळत नसेल तर कोशकाराने काय करावे, असा जॉन्सनचा सवाल होता. स्वतः जॉन्सन मध्य इंग्लंडमधल्या लिचफील्डचा. ‘पंच’ या पेयाला तो आयुष्यभर ‘पुन्श’च्या वळणाने म्हणत राहिला आणि त्याचा विद्यार्थी व मित्र नट डेव्हिड गॅरिक त्याची नक्कल करत असे. इंग्रजीचा सर्वांत मोठा कोशकार लंडनमध्ये राहूनही आपल्या गावचा हेल सोडत नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जॉन्सनने टाळलेले काम दोन नटांनी केले. टॉमस शेरिडन हा आयर्लंडमधला नट, नाटककार रिचर्ड शेरिडनचा बाप. १७६१ साली त्याने एडिंबरोमध्ये इंग्रजी बोलण्यावर व्याख्याने दिली आणि तिथली प्रतिष्ठित मंडळी ती ऐकायला लोटली. १७०७च्या एकीकरणानंतर स्कॉटलंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली होती. नोकऱ्या, बढत्या, वकिली सारे दक्षिणेकडे होते, आणि आपली बोली आड येते ही भावना तिथल्या सुशिक्षितांत खोल रुजली होती. १७६१ सालीच एडिंबरोत शुद्ध इंग्रजी वाचन-भाषणाच्या प्रसारासाठी एक मंडळही निघाले. शेरिडनचा उच्चारकोश १७८० साली आला.

जॉन वॉकर हा लंडनकडचा. रंगभूमी सोडून तो वक्तृत्वाचा शिक्षक झाला आणि १७९१ साली त्याने ‘क्रिटिकल प्रोनाउन्सिंग डिक्शनरी’ काढली. १९व्या शतकात तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. तिच्या आरंभी स्कॉटलंड, आयर्लंड आणि लंडन इथल्या रहिवाशांनी कोणते दोष टाळावेत याचे नियम दिलेले आहेत. लंडनच्या सामान्य लोकांचे दोष तर त्याला अधिकच अक्षम्य वाटत, कारण ते राजधानीतच राहत होते. ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ आणि ‘डब्ल्यू’च्या जागी ‘व्ही’ ही अदलाबदल त्यांतलीच. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या सॅम वेलरच्या बोलण्यात वाचकांनी ती पाहिली आहे.

वॉकरची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याच्याकडे येणारा दुकानदाराचा किंवा कारकुनाचा मुलगा वरच्या वर्गात शिरू पाहत होता आणि त्याला हमखास उपयोगी पडेल असा नियम हवा होता. तो नियम वॉकरने दिला. पण त्याच्या निकालांपैकी काहींचे पुढे काय झाले हे पाहिले की शुद्धतेची कल्पना किती हलती आहे ते कळते. ‘ग्लास’, ‘लास्ट’ या शब्दांतला लांब ‘आ’ त्याला ग्राम्य वाटत होता. तोच ‘आ’ शंभर वर्षांत सुशिक्षित लंडनकराची ओळख ठरला, आणि वॉकरने मान्य केलेला आखूड स्वर उत्तर इंग्लंडच्या बोलीची खूण म्हणून खाली उतरला. ‘र’ची गोष्टही तशीच. लंडनमध्ये शब्दाच्या शेवटचा आणि व्यंजनाआधीचा ‘र’ विरत चालल्याचे त्याने टिपले होते. आज ब्रिटिश उच्चाराचे शिक्षण घेणाऱ्याला ‘कार’ आणि ‘पार्क’मधला ‘र’ गिळायला मुद्दाम शिकवतात.

‘ह’इतके मात्र दुसऱ्या कोणत्याच ध्वनीने माणसांना छळले नाही. फ्रेंचमधून आलेल्या शब्दांत तो मूळचाच अनुच्चारित होता. वॉकर ‘हॉस्पिटल’, ‘हंबल’, ‘ह्यूमर’ हे शब्द आरंभीच्या ‘ह’शिवाय उच्चारायला सांगतो. पुढे शाळा वाढल्या, छापील अक्षराचा दरारा वाढला आणि या शब्दांत ‘ह’ परत आला. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’मध्ये तो आला नाही. अमेरिकेत ‘हर्ब’ अजून ‘अर्ब’ आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक बोलींत तर सर्वच शब्दांतला ‘ह’ गळालेला होता, आणि १९व्या शतकात तो गाळणे म्हणजे आपले हलके कूळ उघड करणे ठरले. १८५४ साली ‘पुअर लेटर एच’ नावाची पुस्तिका निघाली आणि ती हातोहात खपली. नव्याने पैसा मिळवलेली माणसे धास्तीपोटी नको तिथेही ‘ह’ लावत आणि जास्तच उघडी पडत.

छापील अक्षराच्या दरार्‍याचा पुरावा मराठीतही सापडतो. इंग्रजीत एके काळी ‘अर्’ या स्वराचा ‘आर्’ होण्याकडे कल होता. ‘सर्व्हंट’ला ‘सार्व्हंट’ आणि ‘मर्चंट’ला ‘मार्चंट’ म्हणणारी माणसे वरच्या वर्गातही होती. नंतर वर्णरचनेकडे पाहून बहुतेक शब्द मागे फिरले, ‘क्लार्क’, ‘सार्जंट’ आणि ‘डार्बी’ हे गाव असे थोडेच ब्रिटनमध्ये राहिले. अमेरिकेने ‘क्लर्क’ केले. मराठीने ‘क्लार्क’ आणि ‘सार्जंट’ ही ब्रिटिश रूपे घेतली. ‘वेस्टकोट’चा इंग्लंडमधला जुना रूढ उच्चार ‘वेस्किट’ असा आखूड होता. आज तिथेही अक्षरागणिक ‘वेस्टकोट’ म्हणतात, पण मराठीतले ‘वास्कट’ त्या जुन्या उच्चाराशीच नाते सांगते.

प्रांतिक छटा नसलेली बोली देशभरच्या वरिष्ठ वर्गात पसरली ती ईटन, हॅरो, विंचेस्टर यांसारख्या निवासी शाळांतून. लहान वयात मुले घरापासून तुटत आणि एकमेकांचे ऐकून एकसारखे बोलू लागत. ध्वनिशास्त्रज्ञ अलेक्झांडर एलिसने १८६९पासून या मान्य उच्चाराची चर्चा केली. त्याच क्षेत्रातल्या डॅनियल जोन्सने १९१७च्या आपल्या उच्चारकोशात त्याला या शाळांचेच नाव दिले आणि १९२६च्या आवृत्तीत ‘रिसीव्हड प्रोनन्सिएशन’ हे नाव स्वीकारले. जोन्स केवळ वर्णन करत होता, हाच उच्चार श्रेष्ठ असा त्याचा दावा नव्हता. मात्र त्याच वर्षी बीबीसीने निवेदकांसाठी उच्चारविषयक सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचा अध्यक्ष होता आणि त्याच्यानंतर बर्नार्ड शॉ. उच्चाराच्या शिकवणीवरचे ‘पिग्मॅलियन’ नाटक लिहिणाऱ्या शॉइतका या विषयाचा जाणकार दुसरा मिळणे कठीण होते. तरीही समितीचे सभासद आपसांत भांडत, दिलेले निर्णय फिरवत. दुसऱ्या महायुद्धाबरोबर तिचे काम थांबले.

१९४१ साली बीबीसीने यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. जर्मनांना निवेदकाची नक्कल करणे अवघड जावे हा त्यात एक हेतू होता. तो आखूड ‘अ’ने ‘लास्ट’ म्हणे आणि उत्तरेकडच्या लोकांचा निरोप ‘गुड नीट’ म्हणून घेई. तक्रारींची पत्रे आली. अशा बोलीतल्या बातम्या विश्वासार्ह वाटत नाहीत, असेही लोकांनी सांगितले. बातमी तीच होती, केवळ स्वर वेगळा होता. शिष्ट उच्चाराने लोकांच्या मनावर केवढा ताबा मिळवला होता याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. आणि तो उच्चार खरोखर बोलणारे लोक तरी किती होते? १९७०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिलने त्यांचे प्रमाण ब्रिटनच्या लोकसंख्येच्या सुमारे तीन टक्के धरले.

बाकीचे लोक कसे बोलतात याची नोंद घेणारेही होते. जोसेफ राइट लहानपणी यॉर्कशरच्या गिरणीत कामाला होता, वयाच्या पंधराव्या वर्षी तो वाचायला शिकला आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाला. त्याचा सहा खंडांचा बोलीकोश १८९८ ते १९०५ या काळात निघाला. लीड्स विद्यापीठात हॅरल्ड ऑर्टनने १९५०पासून ३१३ ठिकाणांची पाहणी करवली. तेराशेहून अधिक प्रश्न घेऊन संशोधक मुख्यतः खेड्यांतल्या वृद्धांकडे जात. या कामातून दिसले की ज्यांना अशुद्ध म्हणून हिणवले ते उच्चार पुष्कळदा दक्षिणेपेक्षा जुने आहेत. ‘कप’ला उत्तरेत ‘कुप’च्या जवळचा स्वर वापरतात. मूळ स्वर तोच, ‘कप’ हे १७व्या शतकात दक्षिणेत झालेले वळण. ‘आस्क’ऐवजी ‘अॅक्स’ म्हणणारा अडाणी समजला जातो, पण ही दोन्ही रूपे प्राचीन इंग्रजीत होती आणि चॉसरने ‘अॅक्स’ वापरले आहे. कॅरिबियन बेटांत आणि आफ्रिकी अमेरिकनांच्या बोलीत ते आजही जिवंत आहे.

अटलांटिकपलीकडे तर प्रतिष्ठेची दिशाच उलटी दिसते. न्यू यॉर्कमध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबॉवने १९६२ साली तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना असा प्रश्न विचारला की उत्तर ‘फोर्थ फ्लोर’ असेच यावे. महागड्या सॅक्समधल्या ६२ टक्के, मध्यम मेसीजमधल्या ५१ टक्के आणि स्वस्त क्लाइनमधल्या २० टक्के लोकांच्या उत्तरात ‘र’ ऐकू आला. लंडनमध्ये जो ‘र’ खेडवळ, तोच इथे वरच्या दर्जाचा.

मराठी माणसाच्या इंग्रजीतही ‘र’ ठणठणीत वाजतो, कारण ती भाषा त्याच्याकडे मुख्यतः पुस्तकातून आली आणि मराठीत लिहिलेले अक्षर गिळण्याची सवय नाही. जीभ दातांच्या मुळाशी टेकवून काढायचा ‘टी’ आपण मूर्धन्य ‘ट’ने भागवतो, ‘थिन’मधल्या घर्षक ध्वनीला दंत्य ‘थ’ वापरतो, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघांना एका ‘व’त बसवतो. देवनागरीत नसलेल्या दोन स्वरांसाठी मराठीने ‘अॅ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे स्वीकारली, म्हणून ‘बॅट’ आणि ‘ऑफिस’ निदान लिहिता येतात. खरी अडचण आघाताची आहे. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर सरकतो. मराठीत अशा आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे वळत नाही. भारतीय इंग्रजी इतरांना कितपत समजते यावरचा आर. के. बन्सल यांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला, त्यातही चुकलेला आघात हे गैरसमजाचे महत्त्वाचे कारण ठरले.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्या वर्गांतल्या शिक्षकांनी ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांची गल्लत आणि चुकीच्या जागी पडलेला आघात जरूर सुधारावा, कारण तिथे अर्थ हरवतो. ‘कार’मधला ‘र’ मात्र मुलांच्या तोंडी राहू द्यावा. तो स्कॉटलंडमध्ये आहे, आयर्लंडमध्ये आहे, अमेरिकेच्या बहुतेक भागांत आहे.