दिनविशेष : २५ सप्टेंबर

२०१२ साली आजच्या दिवशी उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, सिंचनातील गैरव्यवहाराचे आरोप अमान्य करीत, राजीनामा दिला. या प्रकरणास जे कागद कारण झाले त्यांत खात्याच्याच एका अंमलदाराचे पत्र अग्रभागी होते. जलसंपदा खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी, सेवेत असतानाच आणि वरिष्ठांचा मुलाहिजा न ठेवता, राज्यपाल व मुख्यमंत्री यांस लिहून, प्रकल्पांच्या फुगविलेल्या खर्चावर, निकृष्ट बांधकामांवर आणि विशेषतः उपसा सिंचन योजनांच्या निष्फळतेवर बोट ठेवले होते. मुख्यमंत्री होते कऱ्हाडचे पृथ्वीराज चव्हाण. आणि कऱ्हाडनजीकच, टेंभू येथे, कृष्णेचे पाणी उचलून सांगलीच्या आटपाडीकडे नेणारी अशीच एक उपसा योजना १९९०च्या दशकापासून रेंगाळत होती. तशाच म्हैसाळच्या उपसा योजनेत विजेचे बिल थकले की पाणी थांबे, हे जत-कवठेमहांकाळच्या शेतकऱ्यास कोणा अभियंत्याने सांगावयास नको होते! पुढे त्या दुष्काळी पट्ट्यात पाणी पोहोचले, हेही नमूद करणे न्याय्य. राजीनाम्यानंतर, नोव्हेंबरात, सरकारने सिंचनावर श्वेतपत्रिका काढली. ७ डिसेंबरला पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. पांढरे यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. २०१४ साली ते नाशिकमधून लोकसभेस उभे राहिले आणि पराभूत झाले.