मानसोपचार-संशोधनातील उपचारनिष्ठेचे मापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक : औषधाच्या चाचणीत गोळीत कोणते द्रव्य किती आहे, हे प्रयोगशाळेत तपासता येते. मानसोपचार मात्र बंद दाराआड, संवादातून घडतो. उपचारकाने ज्या पद्धतीचे नाव सांगितले तीच प्रत्यक्षात वापरली काय, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी : १९५२ मध्ये हान्स आयसेंक यांनी मानसोपचाराच्या परिणामकारकतेवरच शंका घेतली. १९७५ मध्ये लेस्टर लुबोर्स्की व सहकाऱ्यांनी तौलनिक अभ्यासांचा आढावा घेऊन विविध पद्धतींच्या फलितांत फारसा फरक नसल्याचे प्रतिपादन केले. या समानतेचे दोन अर्थ संभवत होते : भिन्न पद्धती सारख्याच गुणकारी असाव्यात, किंवा भिन्न नावांखाली उपचारक एकच काम करीत असावेत.

मापनाचा विकास : ॲरन बेक व सहकाऱ्यांच्या १९७९ च्या ग्रंथाने नैराश्यावरील बोधात्मक उपचाराची कार्यपद्धती लेखी स्वरूपात निश्चित केली. त्यामुळे उपचार ताडून पाहण्यास आधार मिळाला. १९८२ मध्ये रॉबर्ट डीरूबेस, स्टीव्हन हॉलन प्रभृतींनी पदनिश्चयन श्रेणी वापरून बोधात्मक व आंतरवैयक्तिक उपचारांची सत्रे वेगळी ओळखता येतात, हे दाखविले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २५० नैराश्यग्रस्तांची चार गटांत विभागणी करून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत या दोन पद्धतींमध्ये लक्षणीय तफावत आढळली नाही. १९९२ मध्ये क्लारा हिल व सहकाऱ्यांनी त्याच अभ्यासातील सत्रे तपासली, तेव्हा उपचारकांनी आपापल्या पद्धतीचे पालन केल्याचे दिसून आले. साहजिकच, येथे तरी ‘नावे दोन, काम एक’ हा आक्षेप टिकला नाही.

मर्यादा : १९९३ मध्ये जेनिफर वॉल्ट्झ व सहकाऱ्यांनी पालन आणि कौशल्य यांत भेद करण्याची गरज मांडली. नियमानुसार वागणे म्हणजे कुशलतेने वागणे नव्हे. २०१० मध्ये ख्रिश्चन वेब व सहकाऱ्यांनी ३६ अभ्यास एकत्र तपासले. पालन व फलित यांतील सरासरी सहसंबंध ०.०२, तर कौशल्य व फलित यांतील ०.०७, म्हणजे नगण्यच निघाला.

समारोप : उपचारनिष्ठेचे मापन रुग्ण कशामुळे बरा झाला हे सांगत नाही, त्याला काय दिले गेले, एवढेच सांगते. परंतु तेवढेही ज्ञात नसेल, तर दोन उपचारांची तुलना निरर्थक ठरते. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसोपचाराची व्यावसायिक पदवी नसलेल्या समुपदेशकांनी परस्परांच्या सत्रांचे मूल्यमापन केले. तज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या समाजात या मापनाचे खरे मोल तेथेच प्रत्ययास येते.