चुलीपाशी ऐकलेली गीतमाला

दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. नेरला आमच्याकडे रेडिओ असायचा ओसरीवर, पुरुषांजवळ. आम्ही चुलीपाशी भाकरी थापत अमीन सयानींचा आवाज ऐकायचो. कान तिकडे, की भाकरी करपलीच!

१९७२च्या दुष्काळानंतर भाव भडकलेले. १९७५ साली गीतमालेच्या वर्षभराच्या गाण्यांत पहिली आली ती ‘रोटी कपडा और मकान’मधली महागाईची कव्वाली. लता, मुकेश, चंचल आणि जानीबाबूंनी गायलेली. रेशनची लांबच लांब रांग, साखरेतली भेसळ, सारं त्यात होतं. त्या रांगेत उभ्या तर आम्हीच असायचो. सिनेमाच्या गाण्यांना नाक मुरडणाऱ्या आमच्या सासवाही तेव्हा ओसरीकडे हाक द्यायच्या, ‘आवाज वाढवा जी!’